पाणी + सॉल्व्हंट : डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटची सरासरी काढून चालतं का?

पंप_तुंबला

मंडळी, नमस्कार. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या अ‍ॅनालिसिस लॅबमध्ये आहे. कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.

एचपीएलसीची (द्रव दाबानं कॉलममधून ढकलून मिश्रणातले घटक वेगळे करायच्या यंत्राची) एक जुनी मेथड आमच्या गळ्यात पडली आहे. 'ए' बाटलीत पोटॅशियम फॉस्फेटचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिठाचं द्रावण), 'बी'त निव्वळ अ‍ॅसिटोनायट्राइल, आणि ग्रेडियंट (म्हणजे 'बी'चं वाढत जाणारं प्रमाण) शेवटाला ८० टक्के 'बी'पर्यंत चढतो. पंप क्वाटर्नरी आहे, म्हणजे मिसळण पंपात शिरायच्या आधीच होते. रन संपत आला की प्रेशर नाचायला लागतं आणि पंप बंद. चेक व्हॉल्व्ह उघडला तर बॉलच्या बैठकीवर पांढरी पिठी. हातमोज्याच्या बोटांत चोळली तर रवाळ लागते, वर पाण्याचा थेंब टाकला की दिसेनाशी होते. म्हणजे बफरचं मीठच. ज्यांनी मेथड पाठवली ते म्हणतात "आमच्याकडे व्यवस्थित चालते". वरिष्ठ म्हणतात सॉल्व्हंटचा लॉट बदला. दोन्ही उत्तरं ऐकून झाली, म्हणून इकडे आलो.

माझा हिशेब असा. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (द्रव आतल्या विद्युतभारांची ओढ किती पटीनं मवाळ करतो तो आकडा; पुढे नुसता एप्सिलॉन म्हणतो) २५ अंश सेल्सिअसला ७८.४. अ‍ॅसिटोनायट्राइलचा ३६ च्या आसपास. ८० टक्क्यांना सरासरी ४४ येते. आता मिथेनॉल घ्या. त्याचा ३२.७, म्हणजे तेवढंच मिथेनॉल घातलं तर मिश्रणाचा एप्सिलॉन ४४ च्या खाली जाणार. तरी मिथेनॉलवाल्या मेथडमध्ये हाच बफर एवढा छळत नाही. एप्सिलॉन जास्त तिथे मीठ जास्त विरघळायला हवं ना? इथे उलटी गंगा.

तर प्रश्न दोन. अशी सरासरी काढणं मुळात बरोबर आहे का? आणि बरोबर असेल तर मीठ बाहेर का पडतंय?

जुनी_प्रयोगवही

पंपबाब, आधी सरासरीचं बघू. टक्के कशाचे ते सांगितल्याशिवाय सरासरीला अर्थ नसतो. वजनाचे, आकारमानाचे की रेणूंच्या संख्येचे?

इथेनॉल आणि पाणी वजनाने निम्मं निम्मं घ्या, २५ अंशांना. वजनाच्या टक्क्यांनी सरासरी काढली तर ५१ च्या थोडी वर येते. आकारमानाच्या टक्क्यांनी ४८. रेणूंच्या संख्येनं काढाल तर थेट ६३, कारण इथेनॉलचा रेणू जड, त्यामुळे निम्म्या वजनात त्याचे रेणू चारातला एकच्या आसपास भरतात. प्रत्यक्ष मोजलेला आकडा ४९ च्या घरात आहे. म्हणजे इथेनॉलपुरतं बोलायचं तर आकारमानाची सरासरी जवळ जाते. हा कायदा नव्हे. नशीब म्हणा हवं तर.

आता डायऑक्सेन घ्या. त्याचा स्वतःचा एप्सिलॉन २.२, म्हणजे जवळजवळ पेट्रोलसारखाच. पाण्यात मात्र हवा तेवढा मिसळतो. वजनाने निम्मा डायऑक्सेन घातला तर सरासरी ४० सांगते, मोजमाप सांगतं ३४. ७० टक्के डायऑक्सेनला सरासरी २५ आणि मोजमाप १८. इथे वजनाऐवजी आकारमान घेऊनही सुटका नाही, दोघांची घनता जवळपास सारखी आहे.

ही मोजमापं जुनी आहेत. ऑकरलोफ या रसायनशास्त्रज्ञानं १९३२ मध्ये पाण्याबरोबर मिथेनॉल, इथेनॉल, अ‍ॅसिटोन, ग्लिसरॉल वगैरे मिसळून, तापमान बदलत बदलत, पद्धतशीर कोष्टकं छापली. पाणी-डायऑक्सेनचं काम १९३६ चं. अजूनही लोक तीच वापरतात, कारण एवढ्या निगुतीनं केलेलं कंटाळवाणं काम पुन्हा करायला कोण बसणार.

तुमच्या अ‍ॅसिटोनायट्राइलच्या मिश्रणात सरासरी आणि मोजमाप यांत फार अंतर नाही. तुमचा ४४ चालून जाईल. म्हणजे घोडं सरासरीपाशी अडलेलं नाही.

अजून एक. तुमची लॅब २५ अंशांना असेलच असं नाही. पाण्याचा एप्सिलॉन २० ला ८०.१, ३० ला ७६.६, आणि उकळत्या पाण्याचा ५५.६. दर अंशाला साधारण ०.३६ नं उतरतो.

भाटीवरचा

सगळं वाचलं. आता कामाचं बोला. काजू फेणीचा एप्सिलॉन किती? आमच्याकडे अजून 'ग्राव'वर (दारूच्या कडकपणाचं जुनं माप) चालतं. एखादं यंत्र बुडवलं आणि आकडा आला असं होईल काय?

जुनी_प्रयोगवही

होईल, पण घेऊ नका. फेणी आकारमानाने ४२-४३ टक्के अल्कोहोल धरली तर वजनाने ३५-३६ टक्के होते, म्हणजे एप्सिलॉन ५८ च्या आसपास. हुर्राक (फेणीच्या आधीची सौम्य दारू) १५ टक्के धरला तर ७२ च्या जवळ. फरक चांगला मोठा आहे, तेव्हा हुर्राक कुठला आणि फेणी कुठली एवढं कळायला हरकत नाही. तेवढं तर तुम्हाला वासावरूनही कळतं.

अडचण पुढे आहे. वजनाने एक टक्का अल्कोहोल वाढलं की एप्सिलॉन ०.६ नं उतरतो, आणि तापमान दोन अंशांनी चढलं की ०.७ नं. भाटीजवळच्या उकाड्यात दोन अंश म्हणजे काहीच नाही. शिवाय उर्ध्वपातनात थोडी आम्लं वर येतात, त्यामुळे द्रवातून वीज गळते आणि मीटर भलतंच दाखवतो. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर, बस्स.

भाटीवरचा

देव बरें करूं. म्हणजे ग्रावच बरा.

पठारावरून

ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात, शिकत होते तेव्हा हा विषय डोक्यात बसला तो बसलाच. डायऑक्सेनमध्ये सरासरी एवढी का फसते, ते लिहिते.

एप्सिलॉन म्हणजे काय? बाहेरून विद्युतक्षेत्र लावलं की द्रवातले द्विध्रुव (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण भार असलेले रेणू) किती प्रमाणात त्या दिशेला कलतात, त्याचं माप. सहज वाटतं की ज्या रेणूचा डायपोल मोमेंट (द्विध्रुवाचं बळ) मोठा त्याचा एप्सिलॉन मोठा. पण अ‍ॅसिटोनचा मोमेंट २.९ डिबाय, पाण्याच्या एकट्या रेणूचा १.८५ डिबाय (डिबाय हे या मोमेंटचं एकक). तरी अ‍ॅसिटोनचा एप्सिलॉन २०.७ आणि पाण्याचा ७८.४! कारणं मुख्यतः दोन. पहिलं साधं आहे : एक लिटर पाण्यात ५५ मोल रेणू मावतात, एक लिटर अ‍ॅसिटोनमध्ये साडेतेरा. दाटी चौपट.

दुसरं जास्त मजेचं. पाण्याचे रेणू सुटे सुटे कलत नाहीत. शिगम्याच्या रोमटामेळात (होळीच्या सणातली ढोलताशांची मिरवणूक) एका रांगेनं ढोलाच्या ठेक्यावर वळण घेतलं की शेजारची रांगही वळते, कारण प्रत्येकाची नजर शेजाऱ्यावर असते. पाण्यात ती नजर म्हणजे हायड्रोजन बंध. एक रेणू कलला की शेजारी त्याच बाजूला कलण्याकडे ओढले जातात. ऑनसागरनं १९३६ मध्ये जे समीकरण दिलं त्यात हा शेजारधर्म नव्हता, म्हणून ते अ‍ॅसिटोनसारख्यांना बऱ्यापैकी चालतं आणि पाण्याला फारच कमी आकडा देतं. कर्कवूडनं १९३९ मध्ये त्यासाठी 'जी' नावाचा गुणक घातला. शेजारी एकमेकांकडे लक्षच देत नसतील तर जी म्हणजे १. पाण्यासाठी तो अडीचच्या वर जातो.

आता या मेळात डायऑक्सेन घुसवा. त्याच्या खुर्चीसारख्या कड्यात दोन ऑक्सिजन समोरासमोर, दोघांचे द्विध्रुव जवळपास एकमेकांना खोडतात. शिवाय तो हायड्रोजन बंध घेऊ शकतो, देऊ शकत नाही, कारण द्यायला ओएच गटच नाही. म्हणजे पाण्याच्या हाताला हात लावतो आणि पुढची साखळी तिथेच तोडतो. नुसती जागा अडवली असती तर सरासरीएवढीच घट झाली असती. पाण्यापाण्यातला ताळमेळही बिघडवतो म्हणून आकडा सरासरीच्या खाली जातो. इथेनॉलकडे स्वतःचा ओएच आहे, तो साखळीत सामील होतो, म्हणून तिथे खड्डा इतका खोल नाही.

मॅक्सवेल-गार्नेट, ब्रुगमन, लिश्टेनेकर अशी मिश्रणाची सूत्रं पुस्तकात सापडतील. त्यातली पहिली दोन तर उघडच एका माध्यमात दुसऱ्याचे थेंब किंवा कण विखुरलेत असं धरून चालतात. रेणूरेणू मिसळलेल्या द्रवात थेंब कुठले? सूत्रातून आकडा निघतो खरा, पण तो बरोबर आला तरी त्यामागचं चित्र खरं असतंच असं नाही.

अर्धा_कप_चहा

रोमटामेळवाला भाग फ्रेम करून ठेवावा असा. एक भाबडा प्रश्न : हे कलणं लगेच होतं की वेळ लागतो? मायक्रोवेव्ह ओव्हनचा याच्याशी संबंध असं ऐकलंय.

पठारावरून

वेळ लागतो, आणि खरं तर तिथेच मिश्रणाची जास्त माहिती मिळते. क्षेत्र काढून घेतलं की द्विध्रुवांची रांग मोडायला लागणारा वेळ पाण्यात २५ अंशांना साधारण ८ पिकोसेकंद आहे, इथेनॉलमध्ये १६० च्या आसपास. वारंवारतेत सांगायचं तर पाण्याचं शोषण सगळ्यात जास्त १९ गिगाहर्ट्झजवळ, इथेनॉलचं १ गिगाहर्ट्झजवळ. ओव्हन २.४५ वर चालतो, म्हणजे पाण्याच्या शिखराच्या बराच अलीकडे. "ओव्हन पाण्याच्या रेझोनन्सवर चालतो" हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्यात काही तथ्य नाही. शिखरावर चालवला असता तर सगळी उष्णता अन्नाच्या वरच्या पातळ थरातच जिरली असती.

आता पाणी आणि इथेनॉल मिसळा. वाटेल की दोन शिखरं दिसतील, एक याचं, एक त्याचं. तसं दिसत नाही. मुख्य शिखर एकच, दोघांच्या मधे कुठेतरी, जरा पसरट, आणि प्रमाण बदललं की ते सरकत जातं. म्हणजे दोघांचे रेणू आपापलं वेगळं वळत नाहीत, एकाच जाळ्यात अडकून वळतात. एका आकड्याच्या एप्सिलॉनवरून हे कधीच कळलं नसतं.

आपल्या जवळचंच सांगायचं तर या प्रकारच्या मोजमापाचं काम मराठवाड्यात, संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांत, बरंच झालं आहे. टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री वापरतात. एकदम चढणारा विजेचा ठोका समाक्ष केबलमधून नमुन्यावर सोडायचा आणि परत आलेल्या ठोक्याचा आकार किती बिघडला ते बघायचं. अल्कोहोल-पाणी, अमाइड-पाणी अशी कितीतरी मिश्रणं त्यांनी तपासली आहेत.

बाटली_क्रमांक_दोन

एप्सिलॉनचं कौतुक चाललंय, पण पंपवाल्या भावाच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही. मी लावते. सॉल्व्हंटशीच रोजची गाठ असते माझी.

सरळ सांगते : मीठ विरघळेल की नाही हे एप्सिलॉनला विचारूच नये. त्याला विचारायचं ते वेगळं. पुरावा घ्या. फॉर्मामाइडचा एप्सिलॉन १०९, पाण्याहून जास्त. मग त्यात साधं मीठ पाण्यापेक्षा जास्त विरघळायला हवं. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम विरघळतं, फॉर्मामाइडमध्ये ९ च्या आसपास. आता तुमची जोडी : मिथेनॉल ३२.७, त्यात १०० ग्रॅमला १.४ ग्रॅम मीठ जातं. अ‍ॅसिटोनायट्राइल ३६, त्यात जवळजवळ शून्य. मिसळण्याचंही तेच. नायट्रोबेंझीनचा एप्सिलॉन ३५, पाण्यात मिसळत नाही, खाली थर करून बसतो. डायऑक्सेन २.२, मिसळतो.

कारण असं. एप्सिलॉन हे लाखो रेणूंच्या जमावाचं वागणं आहे. दोन आयन एकमेकांपासून लांब असतील तेव्हा त्यांच्यामधली ओढ किती मवाळ होते हे तो बरोबर सांगतो. पण मीठ विरघळतं की नाही याचा निकाल आयनाला चिकटून बसलेल्या पहिल्या थरात लागतो, आणि तिथे जमाव नसतो, चार-सहा रेणू असतात. फॉस्फेट किंवा क्लोराइडसारख्या ऋण आयनाला हवा असतो हायड्रोजन बंध देणारा शेजारी. पाणी देतं, मिथेनॉल देतं, अ‍ॅसिटोनायट्राइलकडे द्यायला काही नाही. त्याचा द्विध्रुव मोठा आहे, पण धन टोक कार्बनच्या बाजूला पसरलेलं, ऋण आयनाच्या उपयोगाचं नाही. त्यामुळे मिश्रणात फॉस्फेट आपल्याभोवती होईल तेवढं पाणीच धरून ठेवतो. पाणी २० टक्क्यांवर आलं की ते पुरत नाही, मग फॉस्फेट पोटॅशियमचाच हात धरतो आणि तुमच्या बॉलवर येऊन बसतो.

म्हणून लॅबमध्ये जो अंगठ्याचा नियम चालतो, पोटॅशियम फॉस्फेट असेल तर सेंद्रिय भाग ७० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, तो एप्सिलॉनच्या कोष्टकातून आलेला नाही, असे पंप उघडून उघडून आलेला आहे. अमोनियम फॉस्फेट जरा पुढपर्यंत, ८५ पर्यंत, दम धरतं. मिथेनॉल सगळ्यांत सहनशील, मग अ‍ॅसिटोनायट्राइल, आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) सगळ्यांत वाईट.

वादेवादे

म्हणजे एप्सिलॉन हा शाळेत पाठ करायचा आकडा, प्रत्यक्षात निरुपयोगी. असंच ना ताई? मग नव्वद वर्षं लोक कोष्टकं का छापताहेत?

बाटली_क्रमांक_दोन

असं कुठे म्हटलं मी? लांबच्या ओढीसाठी तोच लागतो, असं वर लिहिलंय.

दोन आयनांमधली ओढ आणि उष्णतेची धडपड समसमान होते ते अंतर, म्हणजे बेरुम लांबी, पाण्यात ०.७ नॅनोमीटर आहे आणि शुद्ध इथेनॉलमध्ये २.३. पाण्यात दोन आयन जवळजवळ खेटल्याशिवाय एकमेकांना धरत नाहीत, इथेनॉलमध्ये लांबूनच जोड्या जमतात. जनुकशास्त्रवाले डीएनए अल्कोहोल घालून खाली बसवतात ते याच जोरावर. पाण्यात सोडियम आयन डीएनएच्या फॉस्फेटपासून सुटा भटकतो, अल्कोहोलनं एप्सिलॉन उतरला की त्याच्या जवळ येतो, धाग्यांचा एकमेकांना होणारा विरोध कमी होतो आणि पांढरा पुंजका दिसायला लागतो.

आयनांचं द्रावण आदर्शापासून किती ढळतं ते सांगणारा डिबाय-ह्युकेलचा 'ए' गुणक पाण्यात २५ अंशांना ०.५०९. तो एप्सिलॉनच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात. एप्सिलॉन ४० वर आणा, गुणक १.४ होतो, जवळजवळ तिप्पट. म्हणजे बफर पाण्यात जितका आदर्श वागतो त्याच्या जवळपासही मिश्रणात वागत नाही.

आणि पीकेए, म्हणजे आम्ल अर्धं फुटतं तो पीएच. हे तर रोजच्या कामाचं. अ‍ॅसिटिक आम्लाचा पाण्यात ४.७६. वजनाने ४५ टक्के डायऑक्सेन घाला, ६.३ होतो. ७० टक्के घाला, ८.३. आम्ल फुटतं तेव्हा तटस्थ रेणूतून दोन विद्युतभारित तुकडे निघतात, आणि एप्सिलॉन उतरलेल्या द्रवात भार सुटा ठेवणं महाग पडतं. अमाइनचं तसं नाही. तिथे आधीही एक धन भार, नंतरही एकच, म्हणून त्यांचा पीकेए फार हलत नाही, हलला तर थोडा खालीच. त्यामुळे बफर बाटलीत पीएच ३ मोजला आणि नंतर अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळलं तर कॉलममध्ये तुमचं औषध कुठल्या रूपात आहे, हे लेबलवरच्या ३ वरून ठरवू नका. आम्ल असेल तर एका बाजूला सरकेल, अमाइन असेल तर दुसऱ्या. "आमच्याकडे पीक एकत्र येतात" अशा निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात, असं माझं मत.

वादेवादे

पटलं. पुढच्या वेळी चहा माझ्याकडून. फोंड्याला आलात तर.

पंप_तुंबला

ताई, जुनी प्रयोगवही, सगळ्यांचे आभार. काल बीकरमध्येच करून बघितलं. बफर आणि अ‍ॅसिटोनायट्राइल आमच्याच प्रमाणात मिसळलं, मागे काळा कागद धरला. ६० ला स्वच्छ. ७० ला मिसळताना एक पांढरी रेघ उठली आणि ढवळल्यावर गेली. ८० ला दुधाळ, थोड्या वेळानं तळाशी बारीक चमकणारे कण. लॉट वगैरे काही नाही.

पण डिटेक्शन २१० नॅनोमीटरला आहे, त्यामुळे फॉर्मेट-अ‍ॅसिटेटचे बफर टाकता येत नाहीत, बेसलाइन चढते. मग काय करावं?

बाटली_क्रमांक_दोन

फॉस्फेटच ठेवा, ग्रेडियंट बदला. 'बी' बाटलीत निव्वळ अ‍ॅसिटोनायट्राइल न ठेवता अ‍ॅसिटोनायट्राइल आणि पाणी ७०:३० असं आधीच मिसळून ठेवा. मग १०० टक्के 'बी' मारलं तरी खरा सेंद्रिय भाग ७० च्या वर जाणार नाही, आणि तिथवर पोचताना मिश्रणात बफरही उरलेला नसेल. शेवटचं पीक उशिरा येईल, तेवढं सोसा. बफर कमी तीव्रतेचा चालत असेल तर अर्ध्यावर आणा. पीएच दोनच्या आसपास चालणार असेल तर मिठाचा बफर सोडून ०.१ टक्का फॉस्फरिक आम्लच घ्या, २१० ला स्वच्छ दिसतं आणि मीठच नसल्यामुळे खाली बसायला काही नाही.

आणि रन संपल्यावर थेट अ‍ॅसिटोनायट्राइलनं कॉलम धुणं बंद करा. आधी १० टक्के सेंद्रिय असलेलं पाणी, मीठ निघून जाईस्तोवर, मग चढवत जा. मेथड बदलली म्हणजे व्हॅलिडेशनचे कागद आलेच, ते वरिष्ठांना करू दे.

पावसाळी_गडी

मी म्हापशाच्या एका कॉलेजात बीएस्सीला आहे. प्रोजेक्टला पाणी-आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एप्सिलॉन मोजायचा आहे. स्टीलच्या दोन पट्ट्या समोरासमोर धरून मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स मोडवर बघितलं. हवेत काहीच वाचत नाही, पाण्यात मायक्रोफॅरडमध्ये काहीतरी येतं आणि सारखं बदलत राहतं. काय चुकतंय?

पठारावरून

हिशेब करून बघ. पट्ट्या १० चौरस सेंटीमीटरच्या आणि मधे १ मिलीमीटर अंतर असेल तर हवेत ८.८५ पिकोफॅरड. बहुतेक मल्टिमीटरना एवढं कमी दिसतच नाही. शुद्ध पाण्यात तेच ७८.४ पट, म्हणजे ६९४ पिकोफॅरड यायला हवं. तुला मायक्रोफॅरड येतंय, हजारपटींनी जास्त. ते पाण्याचं नाही. पाण्यातले आयन पट्ट्यांवर जाऊन गर्दी करतात, त्या पातळ थराचं कपॅसिटन्स तुला दिसतंय. मल्टिमीटर फार मंद गतीनं मोजतो, आयनांना तिथे जायला भरपूर वेळ मिळतो.

एलसीआर मीटर (ठरावीक वारंवारतेवर कपॅसिटन्स मोजणारं यंत्र) मिळव, १०० किलोहर्ट्झ आणि शक्य तर १ मेगाहर्ट्झवर मोज. दोन्ही आकडे जुळले तरच विश्वास ठेव. नळाचं पाणी अजिबात नको, ताजं डिआयोनाइज्ड घे. पट्ट्यांमधलं अंतर टेफ्लॉनच्या चकत्यांनी धर. पुढे अ‍ॅसिटोन करणार असशील तर अ‍ॅक्रिलिकचा डबा वापरू नकोस, पांढरा पडून तडकतो. काच घे.

पट्ट्यांचं क्षेत्रफळ मोजत बसण्यापेक्षा माहीत असलेल्या द्रवांनी कॅलिब्रेट कर. हवा १, सायक्लोहेक्झेन २.०, मिथेनॉल ३२.७, पाणी ७८.४. चार बिंदू सरळ रेषेत आले की सेल चांगला. वायर जागची हलवायची नाही, तिचं स्वतःचं कपॅसिटन्स असतं.

जुनी_प्रयोगवही

त्यात भर. जुलै महिना आहे हे विसरू नकोस गड्या. हवेतली आर्द्रता नव्वदच्या घरात असताना अल्कोहोलची बाटली उघडी ठेवलीस तर तुझ्या नकळत तीच मिश्रण होते. प्रमाण आकारमानाने मोजू नकोस. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर इथेनॉल घातलं तर १०० भरत नाहीत, ९६ च्या आसपास भरतात. आयसोप्रोपिललाही असंच आकुंचन आहे. झाकणाची बाटली तराजूवर ठेव, आधी पाणी, मग अल्कोहोल, वजनं लिही. मिसळल्यावर द्रव कोमट होतो, तापमान परत खाली येईस्तोवर थांब, मग मोज.

आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्वतःचा एप्सिलॉन १९ च्या जवळपास येईल. तुझा २४-२५ आला तर आधी बाटलीत पाणी शिरलंय का ते बघ, मग नवीन शोध लागला म्हण.

अर्धा_कप_चहा

विषय थोडा बाजूला जातोय, पण विचारतोच. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं, आणि पावसात स्कूटरच्या टाकीत पाणी गेलं की गाडी बंद. मेकॅनिक म्हणतो "पेट्रोल फुटलं". हे त्याच भानगडीतलं का?

बाटली_क्रमांक_दोन

त्याच घराण्यातलं. पेट्रोलचा एप्सिलॉन २ च्या आसपास, इथेनॉलचा २४, पाण्याचा ७८. इथेनॉल दोघांशीही जमवून घेतं, पाणी आणि पेट्रोल एकमेकांशी नाही. थोडं पाणी इथेनॉलच्या आधारानं पेट्रोलमध्ये राहतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याच्या बाजूला जातं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी थर करतात. नळी तळातूनच ओढते, म्हणून इंजिनाला पेट्रोलऐवजी तो थर मिळतो. गारठ्यात ही मर्यादा आणखी खाली येते. एकदा थर झाला की ढवळून उपयोग नाही, टाकी रिकामी करायची.

ज्या गाड्या कुठल्याही प्रमाणातलं इथेनॉल चालवून घेतात त्यांतल्या काहींमध्ये इंधनाच्या वाटेवर छोटा कपॅसिटर असतो, तो एप्सिलॉन मोजून इथेनॉल किती आहे ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो. २ आणि २४ मध्ये अंतर भरपूर, म्हणून तिथे हे मोजमाप जमून जातं. पण त्यातही तापमान वेगळं मोजून दुरुस्ती करावीच लागते.

पावसाळी_गडी

सर, ताई, एलसीआर मीटर आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आहे, १०० किलोहर्ट्झपर्यंतच जातो. सोमवारी परवानगी मिळेल. सायक्लोहेक्झेन नाही, टोल्युइन आहे. चालेल का?

पठारावरून

चालेल. टोल्युइन २.४ धर. फ्यूम हूड चालू ठेव, आणि डिआयोनाइज्ड पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजण्याआधी लिहून ठेव. १०० किलोहर्ट्झवर पाण्याचा आकडा ७८ च्या बराच वर आला तर आधी तिथेच शंका घे.